शिवलेला खांदा

"म्हाताऱ्यांना चावतं ना अजून?" खाटकाने सुरी फडक्याला पुसत विचारलं, आणि तिच्या तोंडून पटकन निघून गेलं, "चावतं की." खोटं नव्हतं ते. बाबांचे दात सगळे जागच्या जागी होते. ती कवळ्या बनवायच्या लॅबमध्ये कामाला होती. दिवसभर परक्यांचे दात मेणाच्या पट्टीवर एकेक करून बसवायचे आणि घरी येऊन बापाचे अस्सल दात ब्रशने घासायचे, हा तिचा गेल्या थंडीपासूनचा धंदा. लॅबमध्ये येणाऱ्या साच्यांत त्या वयाची हिरडी म्हणजे नुसता घसरडा उतार. बाबांच्या तोंडात मात्र दाढांची भिंत उभी. काय वाटेल ते चावेल असं तोंड. गिळत नाही. झटका आला तेव्हा उजवा हात गेला, पाय गेला, बोलणं गेलं, आणि त्यांच्याबरोबर गिळणंही गेलं. गिळणं ही माणसाची हरवू शकते अशी वस्तू आहे हेच तोवर तिला माहीत नव्हतं. डॉक्टर म्हणाला होता, तोंडाने काही नाही, पाण्याचा थेंबसुद्धा नाही, जे जाईल ते फुफ्फुसात जाईल. पोटाला भोक पाडून नळी बसवली. पण खाटकाने गिळण्याचं विचारलं नव्हतं. मागे रांग दारापर्यंत गेलेली, सणाची सकाळ, जो तो पिशवीसकट पुढच्याच्या पाठीत घुसलेला. अशा वेळी कोण कुणाला बापाचा घसा उघडून दाखवतं?

"मग नेहमीचा खांदा?"

"खांदा."

"हाड काढू, का ते काढतील घरी?"

"तुम्हीच काढा."

खाटीक थांबला. "बघ हं पोरी. मागं एकदा मी काढलं होतं, तर तुझ्या बापाने भरल्या दुकानात माझा उद्धार केला. म्हणे, तू खाटीक आहेस का लाकूडतोड्या?" रांगेत कुणीतरी हसलं. "बरे आहेत ना? दिसले नाहीत बरेच दिवस."

"बरे आहेत."

हे मात्र खोटं होतं. आणि ते इतकं सराईतपणे आलं की तिला स्वतःचाच राग आला. खाटकाने दोन खांदे आकड्यावरून उतरवून फळीवर टाकले. एक थोराड, गडद, कडेला पिवळसर चरबीची जाड किनार असलेला. दुसरा कोवळा, फिकट गुलाबी, लॅबमधल्या नव्या कवळीच्या हिरडीसारखा. "तुझ्या बापाचा हा," म्हणत त्याने थोराडावर थाप मारली. बरोबर होतं. बाबा सोफे आणि खुर्च्या मढवायचे. कातडं असो, फोम असो, मांस असो, त्यांची पारख करायची पद्धत एकच. अंगठा रुतवायचा, काढायचा, आणि खड्डा कसा भरून येतो ते बघत राहायचं. लहानपणी ती पिशवी धरून शेजारी उभी असायची आणि तिला लाज वाटायची, कारण बाबा वास घेताना नाक जवळजवळ मांसाला टेकवायचे आणि रांगेतल्या बायका तोंडं वाकडी करायच्या. बाबांना बायका दिसायच्याच नाहीत. "कोवळ्याला चव नसते," ते सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं सांगायचे. "जनावर चार पावसाळे चाललं, चढलं, पळलं, तर चव. नुसता मऊपणा पाहिजे असेल तर उशी खा." आणि आता तिचं बोट वर झालं आणि कोवळ्या खांद्याकडे गेलं. तिने ठरवलं नव्हतं. बोटाने ठरवलं. खाटकाने एकदा बोटाकडे बघितलं, एकदा तिच्याकडे.

"चालेल म्हाताऱ्यांना?"

"यंदा मी करणार आहे."

"अरे वा! म्हणजे म्हाताऱ्यांनी खुर्ची सोडली म्हणायची," खाटीक म्हणाला आणि हाडाभोवती सुरीचं टोक फिरवू लागला.

सोडली कुठली, खुर्चीतच तर बसलेत, दिवसरात्र, पट्टा लावून. पिशवी घेऊन ती घरी निघाली तेव्हा हे उत्तर तिला सुचलं, आणि आता ते सांगायला कुणी नव्हतं. असंच होतं तिचं. रस्त्याने चालताना ती लोकांना फाडून खायची आणि समोर आलं की "बरे आहेत". दादालाही तसंच. फोनवर दादा म्हणाला होता, "यंदा व्हायलाच पाहिजे बारके. उलट यंदाच व्हायला पाहिजे. त्यांना वाटायला नको आपण त्यांना मोडीत काढलं." ती म्हणाली, खाणार कोण? "आपण खाऊ. ते बघतील. वास तरी घेतील. माणसाला वातावरण लागतं गं." वातावरण! दादाचा टायरचा धंदा होता आणि हवा भरण्यात तो पहिल्यापासून हुशार. भेटायला आला की फळं आणायचा, टोपलीभर, वर चकचकीत कागद. ज्या माणसाला पाण्याचा थेंब बंद त्याच्या उशाशी फळांची टोपली. ती फळं तिने एकटीने उभ्या उभ्या खाल्ली होती, ओट्यापाशी, बाबांना चावल्याचा आवाज जाऊ नये म्हणून नळ सोडून. हे तिने दादाला सांगितलं नाही. त्या दिवशी फोनवर नाही म्हणता आलं असतं. तोंडावर "नाही" आलंसुद्धा होतं. पण फोन मोठ्या आवाजावर लावलेला, बाबा ऐकत होते, आणि त्यांनी डावा हात खुर्चीच्या दांड्यावर आपटला. आपटणं म्हणजे हो. एवढी एकच भाषा उरली होती आणि तीत नाही हा शब्दच नव्हता. नको असलेली गोष्ट ते ढकलून द्यायचे.

घरी शेजारीण बसली होती, तेवढ्यापुरती राखण. "झोपले नाहीत हो, दाराकडेच डोळे," असं सांगून ती गेली. मग लेकीने बाबांची चाकांची खुर्ची स्वयंपाकघराच्या दारात आणून लावली, कारण आत खुर्ची मावत नव्हती, आणि ओट्यावर कागद उघडला. बाबांनी हात पुढे केला. तिने पाट त्यांच्या मांडीवर ठेवला, पाटावर मांस. त्यांनी डावा अंगठा रुतवला. काढला. खड्डा लगेच भरून आला, कोवळ्या मांसाचा भरतो तसा. बाबांनी मांसाकडे बघायचं सोडलं आणि तिच्याकडे बघितलं. बराच वेळ. चेहऱ्याची एक बाजू खाली ओघळलेली, तिच्यावर काही वाचता यायचं नाही. सगळा माणूस दुसऱ्या बाजूला गोळा होऊन बसलेला. तिला वाटलं ते पाट ढकलून देतील. मांस जमिनीवर पडेल, ती ओरडेल, दादाला फोन करेल, बेत मोडेल आणि सगळे सुटतील. त्यांनी ढकललं नाही. अंगठा पुन्हा एकदा त्याच जागी रुतवला, हळू, आणि तसाच ठेवला. तेव्हा तिला कळलं की आपलं बोट दुकानात कुणासाठी वर झालं होतं, आणि त्यांनाही ते कळलंय. तिने पाट उचलून घेतला आणि उगाचच म्हणाली, "दुसरा चांगला नव्हता. शिळा होता." बापाला मांसातलं शिकवत होती!

या घरात खांदा शिवायचा असतो. दुसरीकडे लोक मांडी आणतात, तशीच भट्टीत सारतात, वर मिरपूड मारतात, झालं. बाबांना मांडीचा तिटकारा. "मांडी पाहुण्यांना दाखवायला, खांदा घरच्यांना खायला." चपटं हाड काढायचं, राहिलेल्या पिशवीत कांदा, लसूण, मिरपूड आणि सुकवलेली आंबट फळं भरायची, गुंडाळी करायची आणि वाकड्या सुईने शिवून टाकायची. ती सुई सोफ्याचीच, पण मांसापुरती वेगळी ठेवलेली, आणि दोरा मेण न लावलेला. बाबांची शिवण बाहेरून दिसायची नाही. भांड्यातून निघाल्यावर ते दोऱ्याचं एक टोक धरून ओढायचे आणि सगळी शिवण एका दमात सुटून यायची, साप बिळातून यावा तशी, आणि गुंडाळी हळूच सैल पडायची, आणि लहानपणी ती आणि दादा टाळ्या वाजवायचे. आई म्हणायची, "एवढी कला सोफ्यावर दाखवली असती तर स्वतःचं दुकान असतं." बाबा म्हणायचे, "सोफ्यावर लोक बसतात. बसणाऱ्याला काय कळतंय!" आई गेली त्या वर्षीसुद्धा त्यांनी खांदा शिवला होता. रडत शिवला, नाक बाहीला पुसत, पण टाका चुकला नाही, आणि मांसात डोळ्यांचं पाणी गेलं म्हणून मीठ कमी घातलं असा विनोदही केला. त्या माणसाचं हे असं होतं. दुःख झालं तरी त्याला जेवणाला हात लावू द्यायचा नाही.

तिने गुंडाळी केली आणि सुई ओवली. तिचा हात बारीक कामाला बसलेला. मेणात दात बसवताना केसाइतकी चूक झाली तर माणूस महिनाभर गाल चावत राहतो. तिने बारीक, जवळजवळ टाके घातले. बाबा हुंकारले. तिने बघितलं तर ते हात हलवून बोलावत होते. पाट जवळ नेला. त्यांनी सुई मागितली नाही. दोऱ्यात नख अडकवलं आणि तिचे टाके उसवले. सगळे. एकामागून एक, डाव्या हाताने, लाळ हनुवटीवर ओघळत असताना, पण इतक्या नीट की मांसाला ओरखडा नाही.

"काय झालं आता?" ती म्हणाली. "काय वाईट होते?"

त्यांनी पाटावर बोटाने अंतर दाखवलं. एवढं. मग एवढं. लांब टाका. सैल. तिने पुन्हा घातले, लांब आणि सैल. त्यांनी तेही उसवले. "अहो बाबा, दादा यायचाय, आत्या यायचीय, माझं अजून घर झाडून व्हायचंय!" ते हसले. निम्म्या तोंडाने हसले, घशातून घर्र आवाज आला, आणि ती पण हसली, कारण काही झालं तरी हा तोच माणूस होता, ज्याने तिच्या पहिल्या पगाराने आणलेल्या खुर्चीची गादी उसवून पुन्हा शिवली होती, तिला न विचारता, ती कामावर गेलेली असताना. तिसऱ्या वेळी त्यांनी दांड्यावर हात आपटला. हो. तिला शाळेत असल्यासारखं बरं वाटलं आणि लगेच वाईट वाटलं, कारण तेवढ्यात तिने बघितलं की त्यांचा शर्ट छातीपर्यंत भिजलाय.

भांडं चढलं. जाड बुडाचं, झाकण घट्ट बसणारं. आधी चरबीत सगळीकडून लाल करायचं, मग आच बारीक करून विसरून जायचं, असं बाबा सांगायचे. विसरणं हाच मुख्य मसाला. तिने खांदा गरम चरबीत ठेवला, चर्र झालं, आणि वास उठला. प्रथम कच्चा, मग कांद्याचा, मग तो दुसरा, तपकिरी, ज्याच्यासाठी शब्द नाही पण ज्याने पोटातलं कुत्रं उठून बसतं. ती पाठमोरी होती. मागे बाबा खोकले. तिला वाटलं, धुराने. पुन्हा खोकले. मग तो ओला, बुडबुड्यांचा खोकला सुरू झाला जो तिला झोपेतही ओळखू यायचा, आणि ती चिमटा टाकून धावली. त्यांच्या तोंडाला पाणी सुटलं होतं. एवढंच झालं होतं. भुकेल्या माणसाच्या तोंडाला जसं सुटतं तसं सुटलं होतं, भरभरून, आणि ते घोटायची सोय नव्हती, म्हणून ते चुकीच्या वाटेने खाली चाललं होतं. वास तरी घेतील. दादाचं वातावरण! तिने त्यांना पुढे वाकवलं, पाठ थोपटली, लाळ ओढायचं मशीन लावलं. ते घरघरत लाळ ओढू लागलं आणि तितक्याच वेगाने तोंड पुन्हा भरू लागलं. "थुंका बाबा. वाटीत थुंका." दवाखान्यातल्या बाईने, जी गिळायचं शिकवायला यायची तिने, शेवटी गिळायचा नाद सोडून थुंकायचं शिकवलं होतं. बाबांनी तेव्हाही वाटी भिरकावली होती आणि आताही हाताने उडवली. थुंकणार नाहीत. अंगावर ओघळू देतील, गुदमरतील, पण कुणी वाटी धरली म्हणून थुंकणार नाहीत.

तिने खिडक्या उघडल्या. भांड्यावर झाकण दाबलं. झाकणाच्या कडेने वास येतच होता. खुर्ची आतल्या खोलीत न्यायला तिने चाकं वळवली, तर बाबांनी दाराची चौकट धरली. डाव्या हाताने. त्या एका हातात दोन हातांचं बळ गोळा झालेलं. ती मागून ओढत होती, ते धरून होते, आणि खोकत होते, आणि डोळे भांड्याकडे. "सोडा बाबा. सोडा म्हणते ना! वास घेऊन मरायचंय का?" बोलून गेली ती. मरण हा शब्द या घरात झटका आल्यापासून कुणी काढला नव्हता, जसा खाटकाच्या दुकानात कुणी काढत नाही. आता तो चरबीच्या धुरात लोंबकळत राहिला. गॅस बंद करता आला असता. तिचा हात बटणापर्यंत गेला. अर्धं शिजलेलं मांस, येणारी माणसं, आणि चौकट धरून बसलेला हा माणूस, ज्याने सकाळपासून अंगठा, टाके, हुंकार असं करत हा खांदा आपल्या हातचा करून घेतला होता. बंद केला तर ते वाचतील, आणि वाचून काय करतील? पुन्हा त्याच दाराकडे डोळे. चालू ठेवला तर त्यांचा छळ, आणि तोही त्यांनीच मागून घेतलेला. एखाद्या कारकुनापाशी, एखाद्या देवापाशी जाऊन सांगावं की आमचा अर्ज चुकलाय, आम्हाला झटका द्यायचा होता तर भूकसुद्धा काढून घ्यायची होती. अर्धवट काम कशाला केलंत? लॅबमध्ये असं अर्धवट काम कुणी केलं तर मालक तोंडावर फेकतो. तिने बटण बंद केलं नाही. मोठं केलं नाही. चौकटीशी त्यांच्याजवळ स्टुलावर बसून राहिली, एक हात त्यांच्या पाठीवर, एका हातात मशीनची नळी, आणि भांडं शिजेपर्यंत ती दोघं वासाशी अशी झुंजत राहिली. मधे मधे तो कमी व्हायचा, ते मान टाकायचे, मग वाऱ्याची झुळूक यायची आणि पुन्हा. ठरल्यापेक्षा तिने बराच जास्त वेळ शिजू दिलं. काट्याने टोचलं तर तंतू आपोआप वेगळे होत होते. पोर नसलेल्या घरात तिने पोराला भरवण्याइतकं मऊ मांस शिजवून ठेवलं होतं, आणि कुणासाठी, हे स्वतःशीसुद्धा म्हणायची तिची छाती झाली नाही.

पाहुणे यायच्या आधी तिने त्यांना भरवलं. भरवलं कसलं, ओतलं. पावडर कालवून केलेलं पांढरं पाणी सिरिंजमधून पोटात. बाबा या वेळी नेहमी छताकडे बघायचे, आपल्या शरीराशी हे कुणी परकंच करतंय अशा चेहऱ्याने. पोट भरलं. डॉक्टरच्या हिशेबाने भूक मिटली.

दादा आला तो दारातूनच, "आहाहा! खाली गल्लीपर्यंत वास सुटलाय!" वहिनीने आत येताच बाबांचा भिजलेला शर्ट बघितला आणि कपाटातून दुसरा काढला, वहिनीचं हे चांगलं होतं. आत्या, बाबांची थोरली बहीण, काठी टेकत मागून आली, कानाने अधू, जिभेने धडधाकट. "धाकट्या," ती ओरडली, "वाळलास की रे! ही पोरगी काही घालते की नाही तुला?"

"आत्या, त्यांना नळीने देतात," दादा तिच्या कानात म्हणाला.

"कळलं मला. बहिरी आहे, वेडी नाही. नळीने झाडाला पाणी देतात."

"आत्या!" वहिनी म्हणाली.

"काय आत्या? तुमच्या डॉक्टरला एक दिवस नळीवर ठेवा, मग बघू."

बाबा हसले. घर्र. सगळे हसले आणि मोकळे झाले, आणि त्या मोकळेपणातच ती चूक झाली. या घरात वर्षानुवर्षं एकच रीत: बाबा टेबलाच्या टोकाला, पहिलं ताट त्यांचं, ते दोरा ओढणार, पहिला घास घेणार, आणि "बसलंय" किंवा "यंदा जरा घाईत झालं" असं काहीतरी बोलणार, मग बाकीच्यांचे हात चालणार. वहिनीने ताटं मांडली. सहज मांडली, हाताला सवय म्हणून, आणि पहिलं ताट बाबांसमोर ठेवलं. दादाने खुर्ची टोकाला सरकवली. तिने भांडं आणून मधे ठेवलं. दोऱ्याचं टोक दादाने बाबांच्या डाव्या हातात दिलं, बाबांनी ओढलं, शिवण सळसळत सुटून आली, गुंडाळी उलगडली, वाफ वर गेली, आणि दादाने टाळीसुद्धा वाजवली. मग त्याने कड कापून बाबांच्या ताटात ठेवली, मग आत्याला, मग सगळ्यांना, आणि बसला. आणि सगळे थांबले. हात ताटांच्या काठावर. दादाच्या तोंडून बाहेरही पडलं, "हं बाबा, करा सुरू." त्याच क्षणी चौघांनाही कळलं. वहिनीने ओठ चावला. पण कुणी ताटाला हात लावला नाही. लावता येईना. ती स्वतः बघत होती, चमचा तिच्या हातात होता, पोटात आग पडली होती, आणि हात उचलवत नव्हता. नुसतं कुणीतरी "चला, खाऊ या" म्हणायचं होतं. ते म्हणणारा माणूस टोकाला मुका बसला होता.

बाबांनी डाव्या हाताने तो तुकडा उचलला.

"बाबा, नको," ती उठली. दादाने तिचं मनगट धरलं. "असू दे गं. एक घास."

"फुफ्फुसात जाईल! तू येणार आहेस रात्री बसायला?"

"एका घासाने काय होतंय! बघ तरी त्यांच्याकडे."

"बघतेच आहे मी! मीच बघते!"

आत्या म्हणाली, "खाऊ दे त्याला." मग तिच्या नेहमीच्या ओरडण्यात नव्हे, अगदी हळू, जणू दुसऱ्या खोलीत कुणी निजलंय, "खाऊ दे गं, बारके."

तोवर तुकडा तोंडात गेला होता. बाबांनी डोळे मिटले आणि जबडा हलला. इतक्या महिन्यांनी. तिने दादाचा हात झटकला, पण पुढे गेली नाही. तिला माहीत होती ती हालचाल. लॅबमध्ये बिजागरीच्या यंत्रात दोन साचे बसवून ती दिवसभर तीच बघायची, खाली, बाजूला, परत. चेहऱ्याचा चांगला अर्धा भाग कामाला लागला होता, दुसरा मागून ओढला जात होता. ते मन लावून चावत होते. काम करत होते. भुवया जवळ आलेल्या, सोफ्याच्या कोपऱ्यावर कातडं ताणून बसवताना यायच्या तशा. ती घसा बघत होती, आणि तिला स्वतःच्या आत एक आवाज ऐकू आला, स्पष्ट, निर्लज्ज: गिळा. गिळा एकदाचं. चव घ्या, गिळा, आणि काय व्हायचं ते होऊ दे, मी मऊ केलंय, मी मुद्दाम केलंय, गिळा आणि मला सोडवा, आणि स्वतः सुटा. तिने श्वास धरला. दादाने धरला. टेबलावरची वाफ ताटाताटांतून थंड होत गेली.

बाबांनी डोळे उघडले. आजूबाजूला बघितलं, काही हरवल्यासारखं. मग टेबलावरची रिकामी वाटी हाताने ओढून पुढ्यात घेतली आणि तिच्यात तो घास थुंकला. नीट, वाकून, एक थेंब बाहेर न सांडता. आणि दांड्यावर हात आपटला. हो. झालंय. बसलंय.

"खा," आत्या सगळ्यांना म्हणाली. "तो म्हणाला ना, खा आता." आणि ती खाऊ लागली, खाली मान घालून. वहिनीनेही तुकडा उचलला. दादाने उचलला आणि परत ठेवला.

तिला वाटलं होतं आता सुटल्यासारखं होईल. गिळलं नाही, रात्र बरी जाईल, उद्या दवाखाना नाही. त्याऐवजी तिला त्यांचा असा राग आला की डोळ्यांत पाणी आलं. कोणी शिकवलं तुम्हाला ऐकायला? ज्यांनी जन्मभर कुणाचा टाका मान्य केला नाही, दवाखान्यातल्या बाईची वाटी भिरकावली, ते तुम्ही आज शहाण्या पोरासारखे थुंकलात? भर ताटावर? आणि बाबा तिच्याकडेच बघत होते. जबडा पुन्हा हलकेच उघडला होता. दुसरा घास मागत होते.

तिने दिला. काय करणार? कडेचा, भाजून करकरीत झालेला, त्यांना आवडायचा तो. त्यांनी चावला, वेळ घेऊन, आणि वाटीत टाकला, आणि तोंड उघडलं. तिने पुढचा कापला. मध्येच खोकले, तिने पाठ धरली, ते थांबले, पुन्हा तोंड उघडलं. दादा खिडकीपाशी जाऊन उभा राहिला, पाठ करून. वहिनीची ताटाकडे बघायची हिंमत होईना. एकटी आत्या खात होती, गालांवरून पाणी चाललेलं, आणि मधून म्हणत होती, "छान झालंय. छान झालंय रे धाकट्या." ती भरवत राहिली. भांडं अर्धं झालं तसं वाटी भरली. तिने ती ओट्यापाशी नेली आणि ओतायच्या आधी नकळत आत बघितलं, लॅबमध्ये ती दातांखालून आलेलं मेण बघायची तसं. एकही तंतू अखंड राहिला नव्हता. सगळीकडून सारखं, बारीक, मऊ केलेलं, गिळायला अगदी तयार. मागे खुर्चीच्या दांड्यावर हात आपटला. तिने वाटी रिकामी केली, विसळली, आणि घेऊन परत गेली.